कापसाच्या वाटेने आलेला बेंजो

आदिलाबाद जिल्ह्यातल्या इचोड्यात किंवा आसपासच्या खेड्यांत ‘जुनी जपानी इलेक्ट्रिक गिटार आहे का?’ असे विचारले तर लोक नुसती मान हलवतील. ‘जुना बेंजो आहे का?’ असे विचारा, कुणीतरी माळ्याकडे बोट दाखवील. वरवर हे दोन वेगळे प्रश्न वाटतात. कागद शेजारी-शेजारी ठेवून वाचले की दोन्हींचे घराणे एकच निघते, आणि त्यात वयाने थोरला आपला बेंजोच आहे.

आधी वस्तू नीट पाहू, कारण वस्तू हाही कागदच असतो. वरातीत, गणपतीत, जत्रेत ज्याला आपण बेंजो म्हणतो त्याचा अमेरिकेच्या बँजोशी नावापुरता संबंध आहे. अमेरिकेच्या बँजोला डफासारखे चामड्याचे गोल तोंड असते. आपल्या बेंजोला चामडे कुठेच नाही. लाकडाची लांबट पोकळ पेटी, तिच्यावर ताणलेल्या पोलादी तारा, तारांखाली गिटारीसारखे धातूचे पडदे आणि तारांच्या वर बटणांची रांग, असा त्याचा घाट. बटणाखाली बारीक स्प्रिंग असते. डाव्या हाताने बटण दाबले की त्याचा पाय तारेला पडद्यावर टेकवतो, उजव्या हातातली पिक तारेवर फिरते आणि सूर निघतो. बोट उचलले की बटण आपोआप वर येते. मुख्य तारा एकाच सुराला लावलेल्या, म्हणून एका बटणाने त्या साऱ्या एकदम चढतात. बाजूच्या तारा नुसत्या षड्ज-पंचम धरून राहतात. वाद्य जुने असेल तर वाजवताना सुराबरोबर बटणांचा ‘टक्‌टक्‌’ आवाजही ऐकू येतो. हा आवाज महत्त्वाचा आहे, कारण वाद्याचा जन्म तोच सांगतो.

जन्म जपानातल्या नागोया शहरातला, साल १९१२. त्या वर्षीच्या जुलैअखेर सम्राट मेजी वारले आणि तैशो हे नवे राजयुग सुरू झाले. सप्टेंबरात नागोयाच्या ओसू भागातल्या मोरिता गोरो या वादकाने एक नवे वाद्य लोकांपुढे आणले. जपानात दोन तारांचे निगेन्किन नावाचे जुने वाद्य होते, मोरिता त्यात तयार होता. परदेश दौऱ्यात त्याने टाइपरायटर पाहिला आणि तारेवर बोट घासण्याऐवजी कळ दाबायची ही युक्ती त्याला त्यावरून सुचली, अशी हकीकत जपानात सर्वमान्य आहे. टाइपरायटरचे अमेरिकेतले शोल्सचे पेटंट १८६८ चे. म्हणजे कचेरीतले एक यंत्र चाळीसएक वर्षांनी संगीताच्या घरात आले. नव्या राजयुगावरून वाद्याला नाव मिळाले ‘तैशो-गोतो’, म्हणजे तैशो काळातले कोतो. बटणांवर १ ते ७ आकडे छापलेले असत. ज्याला स्वरलिपी येत नाही तोही आकडे पाहून गाणे काढू शके. गुरू नको, रियाजाची वर्षे नकोत, किंमत माफक. या वाद्याने पुढे जी मजल मारली तिचे कारण त्याच्या बटणांवरच छापलेले होते.

नागोया हे गाव लक्षात ठेवावे. सुझुकी मासाकिचीचा व्हायोलिनचा कारखाना याच गावातला. पहिल्या महायुद्धात जर्मनीचा माल बाजारातून गेला तेव्हा तिथे हजारावर माणसे व्हायोलिनी घडवत होती. आणि याच नागोयात १९०८ साली होशिनो नावाच्या पुस्तकांच्या दुकानाने वाद्ये आणि स्वरलिपीची पुस्तके विकायला सुरुवात केली. त्या दुकानाने १९२९ पासून स्पेनच्या साल्वादोर इबान्येझची गिटार आयात केली, पुढे तेच नाव स्वतःच्या मालावर लावले. आज जगभरचे संग्राहक ज्या ‘इबानेझ’ गिटारींसाठी जीव टाकतात, त्यांचे घर हे. आपला बेंजो आणि त्यांची इबानेझ एकाच गावची लेकरे.

आता हे वाद्य आपल्याकडे कसे आले? यासाठी नकाशा उघडून केवळ नावे वाचत जावे. केनियाच्या मोंबासात तारब गाण्याच्या साथीला हे वाद्य आहे, तिथे ते आजही ‘तैशोकोतो’ म्हणून ओळखले जाते. कराची आणि मकरानच्या बलुची लोकांनी ते मोठे करून आपलेसे केले, त्यांचा शब्द ‘बेंजू’. मालदीव आणि लक्षद्वीपात ‘बुलबुल’. उत्तर हिंदुस्थानात ‘बुलबुलतरंग’. मराठी मुलखात ‘बेंजो’. बाली बेटावर ‘पेंटिंग’. ही ठिकाणे जोडली की हिंदी महासागराच्या बंदरांची माळ तयार होते. डोंगर ओलांडून, खुष्कीच्या मार्गाने हे वाद्य आलेले नाही. ते जहाजातून उतरले आणि जिथे उतरले तिथल्या माणसांनी त्याला हाताशी असलेले नाव दिले. बलुची ‘बेंजू’ आणि मराठी ‘बेंजो’ इतके जवळ आहेत की कराची आणि मुंबई या दोन बंदरांत एकच व्यापारी नाव चालत असावे, असे माझे अनुमान आहे. ते अनुमान म्हणूनच घ्यावे.

जहाजांचा मात्र अंदाज करावा लागत नाही, त्यांच्या तारखा आहेत. ७ नोव्हेंबर १८९३ रोजी निप्पॉन युसेन कैशा या कंपनीचे ‘हिरोशिमा मारू’ हे जहाज कोबे बंदरातून मुंबईला निघाले. या मार्गामागे जमशेदजी टाटांचा हात होता. मुंबई ते अतिपूर्व या वाटेवर तोवर पी अँड ओ आणि तिच्या जोडीदार कंपन्यांची मक्तेदारी होती, भाडे त्या म्हणतील ते. जपानी गिरण्यांना कापूस हवा होता, टाटांना स्वस्त भाडे. दोघांची गरज जुळली आणि मक्तेदारांनी दर पाडून केलेल्या झुंजीतही हा मार्ग टिकला. त्यानंतर जपानी कंपन्या मुंबईत कचेऱ्या थाटून बसल्या आणि तोयो मेन्का, गोशो यांची माणसे कापूस घ्यायला थेट वऱ्हाडच्या बाजारात उतरली.

जाताना जहाजे कापसाच्या गाठींनी भरलेली. येताना त्यांत काय असे, हे ब्रिटिश हिंदुस्थानच्या सागरी व्यापाराच्या वार्षिक विवरणपत्रांत सापडते. सुती आणि रेशमी कापड, काड्यापेट्या, काचेच्या बांगड्या, छत्र्या, बनियन-मोजे, खेळणी. पहिल्या महायुद्धापूर्वी हिंदुस्थानच्या आयातीत जपानचा वाटा दोन-अडीच टक्क्यांच्या आसपास होता, १९१८-१९ मध्ये तो वीस टक्क्यांच्या घरात गेला. मोरिताचे वाद्य १९१२ चे, महायुद्ध १९१४ चे. वाद्य तयार झाले आणि दोनच वर्षांत युरोपने आशियाचा बाजार जपानसाठी मोकळा सोडला. याहून चांगला मुहूर्त त्याला मिळाला नसता.

विवरणपत्रे वाचणाऱ्याने एक सावधगिरी बाळगावी. त्यांत ‘वाद्ये’ हे खाते वेगळे आणि ‘खेळणी व खेळांचे साहित्य’ हे वेगळे. बुलबुलतरंग स्वस्त, हलका, मुलांच्या हातात देण्याजोगा, त्यामुळे तो दुसऱ्या खात्यातही गेला असेल. पियानो आणि तोंडातला बाजा एका आकड्यात मिसळलेले असताना त्यातून बेंजोचे नग मोजू पाहणे म्हणजे धान्याच्या कोठीत एक तीळ शोधणे. आकड्यातून व्यापाराची दिशा कळते, नगाची संख्या कळत नाही. इतिहास लिहिणाऱ्याने जेवढे कागद देतात तेवढेच घ्यावे.

कापूस या हकिगतीत नुसता तोंडी लावायला आणलेला नाही. १९३३ साली हिंदुस्थान सरकारने जपानी कापडावर जबर जकात बसवली, तेव्हा जपानी गिरण्यांनी उलट हिंदी कापसावर बहिष्कार घातला. वऱ्हाड-खानदेशातला शेतकरी त्यात भरडला गेला. १९३४ च्या करारात तोडगा निघाला तो असा: जपानने वर्षाला १५ लाख गाठी कापूस उचलला तर त्याला ४० कोटी वार कापड हिंदुस्थानात विकता येईल. कापूस आणि कापड अशी दोन पारडी कायद्यानेच एका दांडीला बांधली गेली. त्या दांडीवर बेंजोसारखा किरकोळ माल कुणी मोजला नाही, पण जहाज तेच होते.

आता इचोड्याकडे. आदिलाबाद आणि निर्मलच्या मधले, आजच्या राष्ट्रीय महामार्ग ४४ वरचे हे गाव. काळी माती, कापूस, आणि बाजारात तेलुगू, मराठी, गोंडी, उर्दू सगळ्या कानावर पडतात. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाचा. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत याच आदिलाबाद जिल्ह्याचे किनवट आणि राजुरा हे भाग तेव्हाच्या मुंबई राज्याकडे गेले, म्हणून आज किनवट नांदेडात आहे आणि राजुरा चंद्रपुरात. इचोडा इकडे राहिले. रेषा कागदावर ओढली गेली, पण सोयरीक, बाजार आणि वरातीतली गाणी रेषेच्या दोन्ही बाजूंना होती तशीच राहिली.

निजामी मुलखाचा एक कागद इथे उपयोगी पडतो. हैदराबाद संस्थानाची स्वतःची जकात होती आणि तिचे नाव करोडगिरी. कंपनी सरकारशी १८०२ साली झालेल्या व्यापारी तहात तिचा दर किमतीच्या ५ टक्के ठरला होता. मुंबईत उतरलेल्या जपानी वाद्याला बंदरात एक जकात आणि संस्थानाच्या सीमेवर करोडगिरी नाक्यावर दुसरी, असे दोनदा पैसे मोजून आदिलाबाद जिल्ह्यात यावे लागे. म्हणून मला वाटते, या भागात बेंजो आधी आला असेल तो दुकानाच्या वाटेने नव्हे, माणसांच्या वाटेने: मुंबईच्या गिरण्यांत कामाला गेलेला, कव्वाली पार्टीच्या मागे हिंडलेला, जत्रेतल्या तंबूबरोबर फिरलेला कुणी. अंगावरच्या सामानात एक लांबट पेटी सहज मावते. मुंबईच्या कव्वाली पार्ट्यांत हार्मोनियमच्या शेजारी बुलबुलतरंग बसलेला असे, आणि कव्वालीला निजामी मुलखात तोटा नव्हता.

या मातीत तंतुवाद्य नवे नव्हते. गोंडांच्या प्रधानांची किंगरी इथलीच, देवांच्या कथा तिच्या साथीने सांगितल्या जातात. पण किंगरी त्या घराण्याची, ती कुणीही उचलून वाजवत नाही. बेंजोला असे घराणे नव्हते आणि म्हणूनच तो कुणाचाही झाला. हार्मोनियमचेही तसेच झाले होते. फ्रान्सची पेटी, १८७५ च्या सुमारास कोलकात्यात द्वारकानाथ घोषांनी तिला मांडी घालून वाजवता येईल असे रूप दिले, आणि ती भजनाची झाली. १९४० साली आकाशवाणीने परदेशी आणि बेसूर म्हणून तिला स्टुडिओबाहेर काढले, ती बंदी १९७१ पर्यंत चालली. खेड्यातल्या भजनी मंडळांनी त्या बंदीची दखलही घेतली नाही. बेंजोवर कुणी बंदी घातली नाही, कारण बंदी घालण्याइतकेही महत्त्व त्याला कुणी दिले नाही. याचे मला वाईट वाटते.

१९४१ च्या जुलैत ब्रिटिशांनी जपानची मालमत्ता गोठवली, डिसेंबरात युद्धाला तोंड लागले आणि कोबे-मुंबई वाट बंद पडली. वाट बंद झाली तरी वाद्य बंद पडले नाही, हाच त्याच्या इथल्या घडणीचा सर्वांत भक्कम पुरावा. पुढचे बेंजो आपल्या कारागिरांचे आहेत आणि ते ओळखू येतात: बाजूच्या झंकारी तारा वाढल्या, लावणे षड्जावर आले, बटणे हार्मोनियमच्या सप्तकाप्रमाणे मांडली गेली. जपानी आकड्यांच्या जागी सा-रे-ग-म आले.

मग वीज. इथे आणखी एक पेटंट वाचायचे. १० ऑगस्ट १९३७ रोजी अमेरिकेत जॉर्ज बोशँपला मिळालेले. ‘फ्राइंग पॅन’ म्हणजे तवा म्हणून प्रसिद्ध असलेल्या रिकनबॅकर गिटारीचे ते पेटंट. पण त्याच्या शीर्षकात गिटार हा शब्दच नाही, ‘विद्युत् तंतुवाद्य’ एवढेच आहे. तत्त्व सोपे आहे. लोहचुंबकाभोवती बारीक तांब्याच्या तारेचे वेढे, वरून पोलादी तार थरथरली की वेढ्यांत तितक्याच लयीने वीज थरथरते. आतड्याच्या किंवा नायलॉनच्या तारेला हे जमत नाही, पोलादच हवे. बेंजोच्या तारा पहिल्यापासून पोलादी. त्याच्या पोटाला पिकअप चिकटवायला वाद्य बदलावे लागले नाही, नुसते एक भोक पाडावे लागले. जुन्या बेंजोत हे भोक पाहावे: कारखान्याचे असेल तर कडा साफ, गावातल्या रेडिओ दुरुस्तीवाल्याचे असेल तर लाकडाचे तंतू उसवलेले आणि आत कथिलाचे थेंब. मला दुसऱ्या जातीचे भोक अधिक मोलाचे वाटते. वीज गावात आल्यावर गावातल्याच हातांनी काय केले, त्याची ती सही आहे.

त्याच सुमारास जपानात काय चालले होते ते थोडक्यात. १९४६ साली तोक्योत तेइस्को सुरू झाली. मात्सुमोतो शहरात १९५१ साली मात्सुमोकू आणि १९६० साली फुजिगेन. १९६५ च्या सुमारास व्हेंचर्स या अमेरिकन चमूच्या दौऱ्यांनी जपानी तरुणांना इलेक्ट्रिक गिटारीचे वेड लागले आणि कारखाने रात्रंदिवस चालले. त्या गिटारी अमेरिकेला गेल्या, युरोपला गेल्या. भारतात १९९१ पर्यंत आयात परवान्यांच्या मुठीत होती, त्यामुळे इथे आल्या त्या जहाजावरच्या नोकरदारांबरोबर, आखातातून परतलेल्यांच्या सामानातून, हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. खेड्यातल्या पोराच्या गळ्यात इलेक्ट्रिक तंतुवाद्य म्हणून जे अडकले ते बेंजोच.

संग्राहकांकडून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. जपानी गिटारी जमवणारे ‘लॉसूट गिटार’ असा शब्द वापरतात, म्हणजे खटल्यात सापडलेली. विक्रेते सत्तरच्या दशकातल्या कोणत्याही जपानी नकलेला तो चिकटवतात. न्यायालयाचा कागद वेगळे सांगतो. गिब्सनची मालक कंपनी नॉर्लिन हिने २८ जून १९७७ रोजी फिलाडेल्फियात दावा लावला तो फक्त इबानेझच्या अमेरिकेतल्या कंपनीवर, आणि तोही फक्त गिटारीच्या माथ्याच्या आकाराबद्दल. तो आकार कंपनीने आधीच बदलला होता, आणि १९७८ च्या सुरुवातीला प्रकरण आपसांत मिटले. एक कागद वाचला आणि बाजारातली अर्धी दंतकथा गळून पडली. इबानेझचे साल ओळखण्याची रीतही संग्राहकांनी अशीच बसवली: १९७५ नंतरच्या क्रमांकात पहिले अक्षर महिन्याचे, पुढचे दोन आकडे सालाचे. क्रमांकाआधी ‘सी’ हे अक्षर आणि मग ७६ असेल तर मार्च १९७६.

संग्राहकामुळे इतिहास कसा हाती लागतो याचे मुंबईतलेच उदाहरण आहे. चित्रपटसंगीतातले वादक चरणजित सिंग यांनी १९८२ साली रोलँड या जपानी कंपनीच्या नव्या यंत्रांवर दहा राग वाजवून एक तबकडी काढली. ती खपली नाही आणि विसरली गेली. वीस वर्षांनी एका डच संग्राहकाला ती दिल्लीत मिळाली, २०१० मध्ये पुन्हा निघाली आणि जगाने कान टवकारले. मुखपृष्ठ, नाव आणि साल छापलेले होते, म्हणून ती सापडल्यावर ओळखता आली.

बेंजोवाल्यांची तबकडी नाही. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले ते रास्तच, कारण तिथल्या कारागीर घराण्यांच्या पिढ्या नावानिशी सांगता येतात. २०१६ साली रवी जाधव यांनी ‘बँजो’ हा हिंदी चित्रपट काढला, वादकांना पडद्यावर आणले, तेही चांगले झाले. पण चित्रपटाने दप्तर तयार होत नाही. दप्तर आहे ते गणेश मंडळांच्या जमाखर्चाच्या वह्यांत, जिथे मंडप आणि प्रसादाच्या खाली बेंजो पार्टीची रक्कम लिहिली जाते. लग्नाच्या खर्चाच्या यादीत आहे. वरातीच्या फोटोंत आहे, जिथे नवरदेवाच्या मागे अर्धवट दिसणाऱ्या माणसाच्या गळ्यात ती पेटी असते. आणि पेटीच्या पोटात आहे, जिथे विकणाऱ्याने चिठ्ठी चिकटवलेली असते. १८८९ च्या व्यापारी चिन्हांच्या कायद्याने परदेशी मालावर देशी किंवा इंग्रजी नाव असेल तर खरे मूळ लिहिणे भाग होते, त्यामुळे जुन्या नगावर ‘जपान’ हा शब्द कुठेतरी मिळू शकतो. त्यावर ‘ऑक्युपाइड जपान’ असे असेल तर नग १९४७ ते १९५२ मधला.

आता वरातीला डीजे लागतो आणि बेंजो भंगारात किलोवर जातो. इचोडा, किनवट, राजुरा, पांढरकवडा, कुठेही राहत असाल आणि घरात असा बेंजो असेल तर माझे एकच मागणे आहे. विकायचा असला तर विका. पण त्याआधी बटणांची पट्टी उघडा, पोटातल्या चिठ्ठीचा आणि पिकअपच्या भोकाचा फोटो काढा, आणि तो कुणी, कुठून, कोणत्या साली आणला ते घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारून फोटोच्या मागे लिहून ठेवा.